काही बाटल्या कारंजं, काही निपचित: घरच्या बिअरमधल्या गॅसचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: वीस लिटर पेल एल बनवली, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; साखर जास्त तेवढी ती जास्त) 1.050. सातव्या दिवशी एअरलॉकमधले (आंबवायच्या भांड्यातला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले, ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर 1.016 दाखवत होता, म्हणून बाटल्या भरल्या. बाटल्या दोन मापांच्या, 330 आणि 750 मिली; प्रत्येकीत एक-एक चमचा साखर. तीन आठवडे झाले. आता काही बाटल्या उघडताच फेसाचं कारंजं उडतं, काही अगदी निपचित. चव मात्र चांगली आहे. जोडीला दोन शंका: तळलेलं खाताना ग्लासातला फेस लगेच का मरतो, आणि बिअरमध्ये भिजवलेल्या पिठातल्या कांद्याच्या चकत्या कुरकुरीत का होत नाहीत.

आधी उरलेल्या बाटल्यांची सोय लावा, कारणं नंतर. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला की त्याला एक व्हॉल्यूम म्हणतात. नेहमीच्या बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतो. अशा बाटलीत 20 अंश सेल्सियसला बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 2 बार जास्त दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो साधारण तेवढा. तीच बाटली 4 अंशांवर नेली की दाब पाऊण बारपर्यंत उतरतो. 35 अंशांच्या खोलीत राहिली तर सव्वातीन बारच्या घरात चढतो. तुमच्या लहान बाटल्यांत गॅस अडीच व्हॉल्यूमच्या दुपटीहून जास्त असू शकतो, कसा ते पुढे येतंच. तेव्हा जाड हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा कपडा घालून, खोली सर्वांत गार असेल त्या वेळी बाटल्या हलवा. एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आपटू नका, आडवी करू नका. फ्रीजमध्ये सगळ्या मावत नसतील तर उरलेल्या झाकणाच्या खोक्यात, वर जाड गोधडी टाकून ठेवा आणि जागा होईल तशा आत न्या.

चोवीस तास गार झाल्यावर बाटली सिंकमध्ये धरून, वर फडकं टाकून, ओपनरने झाकणाची एकच कड किंचित उचला. सूं असा आवाज सुरू झाला की थांबा. फेस मानेपर्यंत आला तर झाकण दाबून धरा, ओसरू द्या, पुन्हा उचला. तीन-चार वेळा असं केलं की जास्तीचा गॅस निघून जातो. मग नवीन निर्जंतुक झाकण बसवा. या बाटल्या त्यानंतर फ्रीजमध्येच राहायला हव्यात. थंडीत यीस्ट मरत नाही, नुसतं झोपतं. बाहेर काढून ठेवलीत की उरलेली साखर खायला पुन्हा उठेल.

आता हिशेब. बाटलीत गॅस तीन वाटांनी येतो: आंबताना बिअरमध्ये विरघळून राहिलेला, आंबायची राहून गेलेल्या साखरेतून येणारा आणि आपण मुद्दाम घातलेल्या साखरेतून येणारा. नवीन माणूस फक्त तिसरी वाट मोजतो. खरा घोटाळा बहुतेक वेळा दुसरीत असतो.

यीस्टच्या पाकिटावर अॅटेन्युएशन, म्हणजे ग्रॅव्हिटीतला 1 च्या वरचा किती टक्के भाग ते यीस्ट आंबवून उतरवतं ते, लिहिलेलं असतं. पेल एलच्या बऱ्याच यीस्टचं ते 75 टक्क्यांच्या आगेमागे असतं. 1.050 ची वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, न आंबलेला गोड काढा) 76 टक्के आंबली तर 1.012 वर थांबते. तुमची 1.016 वर होती, म्हणजे चार पॉइंट (एक पॉइंट म्हणजे 0.001) शिल्लक. आंबून कमी होणारा प्रत्येक पॉइंट बंद बाटलीत सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस देतो. चार पॉइंटांचे झाले दोन व्हॉल्यूम, तेही साखरेचा एक दाणा न घालता.

वर चमचा. चहाचा चमचा सपाट भरला तर साखर साधारण 4 ग्रॅम, थोडी शीग आली की 5 ते 6. मधला 5 चा आकडा धरू. 330 मिलीच्या बाटलीत 5 ग्रॅम म्हणजे लिटरला 15 ग्रॅम, त्यातून जवळजवळ 4 व्हॉल्यूम. 750 च्या बाटलीत तेवढीच साखर लिटरला पावणेसात ग्रॅम पडते, तिचे पावणेदोन व्हॉल्यूम. 20 अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये आधीचा 0.86 व्हॉल्यूम गॅस असतोच. बेरीज करा: लहान बाटलीत 6.8, मोठीत 4.6. नेहमीच्या बिअरच्या बाटल्यांत मी 3 व्हॉल्यूमच्या वर जात नाही. जाड काचेच्या, तळ आत वळलेल्या बाटल्या 4 पर्यंत नेता येतात. पावणेसात हे कुठल्याच साध्या बाटलीचं काम नाही. तुमच्या बाटल्या अजून फुटल्या नाहीत यात झाकणांच्या गळतीचा वाटा असणार.

इथेच निपचित बाटल्यांचं उत्तरही आहे. त्यांतही साखर गेली, यीस्टही तेच होतं. मग एक तर यीस्टने काम केलं नाही किंवा काम होऊन गॅस झाकणातून निसटला. दोन्हींतला फरक हायड्रोमीटर सांगतो. निपचित बाटलीतली बिअर दोन भांड्यांत दहा-बारा वेळा इकडून तिकडे ओतून तिच्यातला उरलासुरला गॅस काढा, 20 अंशांवर आणा आणि ग्रॅव्हिटी घ्या. 1.012 च्या आसपास आली तर साखर खाल्ली गेली आहे, गॅस झाकणातून गेला. काहीच आंबलं नसेल तर मोठ्या बाटलीत 1.018 किंवा 1.019 आणि लहानीत 1.022 दिसेल, कारण घातलेली साखरही ग्रॅव्हिटी वाढवते. जिभेलाही लहान बाटलीतला गोडवा कळेल. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारा) इथे वापरू नका. अल्कोहोल असलेल्या द्रवात तो चुकीचा, जास्तीचा आकडा दाखवतो. त्यातून खरा आकडा काढायची सूत्रं आहेत, पण एका पॉइंटसाठी भांडायचं असेल तेव्हा हायड्रोमीटरच बरा.

तीन आठवड्यांत एल यीस्टने काहीच केलं नाही असं सहसा फक्त थंड जागी होतं. फरशीलगतच्या बाटल्या निपचित आणि फळीवरच्या कारंजी, असा भेद दिसला तर तपमान हे कारण. भेद दिसत नसेल तर झाकण तपासा. बसवलेलं क्राउन झाकण बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहा. ते तसूभरही फिरता कामा नये. फिरलं तर सैल आहे. दाते सगळीकडून सारखे खाली वळलेत का, एका बाजूला उभेच राहिलेत का, तेही पाहा. (विल्यम पेंटरने 1892 मध्ये पेटंट घेतलेल्या या झाकणाला सुरुवातीला 24 दाते होते, आज 21 असतात, पण काम आतल्या अस्तराचं, दाते फक्त ते काचेवर दाबून धरतात.) बहुतेक बाटल्यांना 26 मिलिमीटरचं झाकण लागतं, काही जाड बाटल्यांना 29 चं. 29 च्या तोंडावर 26 चं झाकण बसलंसं वाटतं आणि हळूच गॅस सोडत राहतं. फिरवून उघडायच्या आट्यांच्या बाटल्या या कामाला घेऊच नका. त्यांची कड पातळ असते आणि हातयंत्राने झाकण नीट आवळत नाही. तारेच्या खटक्याच्या बाटल्यांत रबरी वायसर कडक झाला की तीच गत. वायसरला भेगा दिसल्या तर बदला, खर्च नगण्य आहे.

पुढच्या वेळेसाठी पहिली गोष्ट: एअरलॉककडे पाहून बाटल्या भरू नका. फर्मेंटरचं, म्हणजे आंबवायच्या भांड्याचं, झाकण किंचित सैल असेल तर आंबणं जोरात असूनही बुडबुडे दिसत नाहीत. उलट खोली तापली की आंबणं संपलेल्या बिअरमधूनही विरघळलेला गॅस बाहेर पडून बुडबुडे येत राहतात. ग्रॅव्हिटी घ्या, तीन दिवसांनी पुन्हा घ्या. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि अपेक्षेच्या जवळ हवेत. नुसते सारखे असून भागत नाही: गार झाल्यामुळे मध्येच बसलेलं यीस्टही तीन दिवस सारखाच आकडा देतं. तुमचं 1.016 तसंच असावं. अशा वेळी फर्मेंटर 21-22 अंशांवर आणा, हलक्या हाताने गोल फिरवून तळचं यीस्ट वर उठवा (खळबळवू नका, हवा मिसळते) आणि चार-पाच दिवस द्या.

अपेक्षेचा आकडा पाकिटावरून काढलेला असतो, तो अंदाजच. खरा आकडा काढायची एक सोपी युक्ती आहे आणि मला ती फार उपयोगी वाटते: यीस्ट घालायच्या दिवशीच पाव लिटर वर्ट एका निर्जंतुक बाटलीत वेगळी काढा, तिच्यात यीस्टची मात्रा मुख्य वर्टपेक्षा कितीतरी जास्त घाला, तोंडावर फॉइल सैल लावा, 25 अंशांच्या आसपास ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांत ती पूर्ण आंबते. तिचा शेवटचा आकडा म्हणजे तुमच्या वर्टचा तळ. मुख्य बिअर त्या आकड्याला टेकेपर्यंत बाटल्या धुवायलाही घेऊ नका. नमुन्याची चव वाईट लागेल. तो प्यायचा नसतोच.

आता साखर. चमचा सोडा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. हिशेब असा: हवे असलेले व्हॉल्यूम वजा आधीचे व्हॉल्यूम, गुणिले बिअरचे लिटर, गुणिले 3.8, उत्तर ग्रॅममध्ये साधी साखर. आधीचे व्हॉल्यूम तपमानावर ठरतात: 12 अंशांना 1.1, 18 ला 0.92, 20 ला 0.86, 22 ला 0.81, 25 ला 0.76. यात तपमान कोणतं धरायचं, इथे बरेच जण फसतात. बाटल्या भरतानाचं नाही, तर आंबणं संपत आल्यापासून बिअर जास्तीत जास्त जेवढी तापली ते. एकदा 22 अंशांवर निघून गेलेला गॅस नंतर फर्मेंटर गार केला म्हणून परत येत नाही. साका नीट बसावा म्हणून फर्मेंटर दोन दिवस 2 अंशांवर ठेवला आणि हिशेबात 2 अंश धरले, तर सूत्र म्हणेल की गॅस आधीच दीड व्हॉल्यूमच्या वर आहे, साखर फार थोडी निघेल आणि बिअर निपचित होईल.

उदाहरण तुमच्याच मापाचं घेऊ. वीस लिटरमधून साका मागे ठेवून 19 लिटर बिअर हाती आली, कमाल तपमान 22, हवेत 2.4 व्हॉल्यूम. 2.4 वजा 0.81 म्हणजे 1.59, गुणिले 19, गुणिले 3.8, झाले 115 ग्रॅम. साध्या साखरेऐवजी डेक्स्ट्रोज घेतलं तर त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून 133 ग्रॅम. माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर साखरेच्या दीडपटीहून थोडी जास्त लागते आणि तिच्यातला आंबणारा भाग कंपनीगणिक बदलतो. चवीत कळेल असा फरक पडत नाही, तेव्हा मी साधी साखरच सुचवेन. एवढ्याशा साखरेने बिअरला 'साखरेची चव' येते हा समज निराधार आहे. लक्ष्य म्हणून पेल एल आणि स्टाउटला 2.2 ते 2.5, इंग्लिश पद्धतीच्या बिटरला 1.8 ते 2, लागरला 2.5 च्या आसपास ठेवा. गव्हाच्या बिअरला साडेतीनपर्यंत नेतात, पण ते जाड बाटल्यांतच.

बाटल्या भरायच्या दिवशी 115 ग्रॅम साखर 250 मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटं उकळा आणि झाकून गार करा. हा पाक तळाला नळ असलेल्या निर्जंतुक बादलीत आधी ओता, मग त्यावर सायफनने बिअर सोडा. नळीचं टोक बादलीच्या तळाशी भिंतीला लागून वळवून ठेवा, म्हणजे बिअर गोल फिरत भरते आणि पाक तिच्याबरोबर मिसळत जातो. धार वरून पडू देऊ नका. आंबून झालेल्या बिअरला ऑक्सिजन लागला की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास उडतो. भरून झाल्यावर निर्जंतुक चमच्याने तळापासून सावकाश दहा-बारा वेळा ढवळा. नुसत्या गोल फिरण्यावर भरवसा ठेवला तर पाक जड असल्याने तळाशी राहतो; मग पहिल्या बाटल्या कारंजी आणि शेवटच्या सपक होतात. बाटल्यांवर भरण्याच्या क्रमाने आकडे टाकले तर हा दोष नंतर लगेच ओळखता येतो.

स्वच्छतेत धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तळाशी वाळलेला साका असलेली बाटली कितीही जंतुनाशकात बुडवली तरी त्या थराखालचे जंतू जिवंत राहतात. सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ब्रशने घासा, उजेडासमोर धरून तळ पाहा, खळबळवून धुवा, आणि मगच जंतुनाशक. फॉस्फोरिक आम्लाचं न धुता चालणारं जंतुनाशक असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात, दोन मिनिटं. त्याचा फेस बाटलीत राहिला तरी चिंता नको. घरातलं ब्लीच टाळा. क्लोरीनचा अंश माल्टमधल्या फिनॉलशी जुळून औषधी, बँडेजसारखा वास देतो आणि तो काही केल्या जात नाही.

बाटली भरताना तळाला टेकली की सुरू होणारी भरणनळी वापरा. काठापर्यंत भरा, नळी काढली की वर आपोआप अडीच-तीन सेंटिमीटर जागा राहते, तेवढी पुरते. झाकण लगेच बसवा. एक बाटली मुद्दाम सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, तोंड बंद करण्यापूर्वी दाबून हवा काढा. काचेच्या बाटल्यांत काय चाललंय हे ती बोटांना सांगते: दाबून पाहिल्यावर सोड्याच्या नव्या बाटलीइतकी टणक झाली की काम झालं, दगडासारखी झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.

20 ते 22 अंशांवर, अंधारात, दोन आठवडे. आठ टक्के अल्कोहोलच्या वरच्या किंवा काही महिने मुरवलेल्या बिअरला चार आठवडे लागू शकतात. तिथे भरताना थोडं ताजं यीस्ट घातलेलं बरं, कारण जुनं थकलेलं असतं. त्यानंतर फ्रीजमध्ये पूर्ण दोन दिवस. ही शेवटची पायरी उतावळेपणाने गाळली जाते. बाटलीच्या मानेतल्या मोकळ्या जागेतला गॅस बिअरमध्ये शिरायला थंडी आणि वेळ दोन्ही लागतात, शिवाय साका घट्ट बसतो. तासभर बर्फात ठेवलेली बाटली फसफसली म्हणून साखर जास्त झाली असा निष्कर्ष काढू नका; आधी दोन दिवस गार करून दुसरी उघडून पाहा.

एवढं सगळं पाळूनही कारंजं उडत असेल तर ते कसं उडतं हे पाहा. सगळ्या बाटल्या पहिल्यापासून सारख्याच फसफसत असतील तर साखर किंवा अपुरं आंबणं. दोन डझनांत एखादीच असेल तर ती बाटली घाण होती. तिच्या मानेला आतून, बिअरच्या पातळीवर पांढुरकं कडं दिसतं आणि चवीला आंबटपणा किंवा धुरकट वास असतो. सगळ्या बाटल्या आधी ठीक आणि महिन्या-दोन महिन्यांत चढत जाणाऱ्या असतील तर दोन संशयित. एक म्हणजे नळी, नळ, बादली यांतून आलेलं जंगली यीस्ट. बादलीचा नळ खोलून पाहा. आतल्या फटीत चिकट थर बहुधा तिथेच सापडतो. दुसरा, डायस्टॅटिकस नावाचं यीस्ट. सेझॉन या बेल्जियन पद्धतीच्या बिअरची काही यीस्टं मुळात याच जातीची असतात. साध्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन (लांब साखळीच्या साखरा) ते स्वतःचा एन्झाइम सोडून तोडतं आणि आठवडेच्या आठवडे खात राहतं. सेझॉन बनवल्यानंतर त्याच प्लास्टिकच्या नळीतून पेल एल भरली तर तीही हळूहळू चढू शकते. नळी वेगळी ठेवा किंवा फेकून द्या.

पेल एलच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानात ठेवा. आंबणं संपल्यावर कोरडे हॉप्स घातले असतील तर हॉप्समधले एन्झाइम उरलेल्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करतात, आणि संपलंसं वाटणारं आंबणं पुन्हा सुरू होतं. ग्रॅव्हिटी आणखी एक-दोन पॉइंट, कधी जास्तही, उतरते. त्यामुळे स्थिर आकडा हॉप्स घालण्याआधीचा धरू नका. हॉप्स घातल्यानंतर पुन्हा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. शिवाय हॉप्सचे कण बाटलीत गेले तर प्रत्येक कणावर बुडबुडे जन्मतात आणि गॅस बेताचा असूनही बिअर उसळते. चव स्वच्छ, ग्रॅव्हिटी बरोबर, तरी कारंजं, असं असेल तर ग्लासाच्या तळाशी हिरवे कण आहेत का बघा. सायफनच्या टोकाला बारीक जाळीची निर्जंतुक पिशवी बांधली की हा त्रास जातो.

फेसाकडे येऊ. तळलेल्या पदार्थाने बिअरमधला गॅस जात नाही, फक्त वरचा थर मोडतो. फेसाच्या बुडबुड्याची भिंत माल्टमधल्या प्रथिनांनी आणि हॉप्सच्या कडू आम्लांनी धरलेली असते. ओठांवरचं तेल त्या भिंतीत घुसतं, पसरतं आणि भिंत फाटते. चिप्स खाऊन पहिला घोट घेतला की ग्लासाला ओठ लागले त्या जागेपासून फेस विरायला लागतो, बारकाईने पाहिलं तर दिसतं. उपाय कागदी रुमालाचा: घोटाआधी ओठ पुसा. ग्लासच तेलकट असेल तर मात्र फेस सगळीकडून बसतो. ग्लास बिअरसाठी वेगळा ठेवा, दुधाच्या आणि तेलाच्या भांड्यांबरोबर त्याच स्पंजने घासू नका, साबण भरपूर पाण्याने काढा आणि फडक्याने न पुसता उलटा वाळू द्या. स्वच्छ ग्लास ओला केला की पाण्याचा सलग पापुद्रा धरतो. थेंब-थेंब तुटले तर तेल आहे. बिअर ओतल्यावर आतल्या भिंतीला जागोजाग बुडबुडे चिकटून राहिले तर तिथेही मळ आहे.

सोबत काय खावं यात मी फार नियम मानत नाही, पण दोन गोष्टी जिभेवर खरोखर घडतात. मीठ कडूपणा दाबतं, म्हणून खारे शेंगदाणे किंवा बटाट्याचे तळलेले काप कडक हॉप्सच्या बिअरला सौम्य करतात. तिखटाचं उलट: गॅस आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातली आग वाढवतात आणि कडू बिअरने ती आणखी बोचते. तिखट खायचं असेल तर कमी कडू, माल्टचा गोडवा असलेली, गॅस बेताचा असलेली बिअर घ्या.

आणि चकत्या. तुमच्या त्या कारंजं उडवणाऱ्या पण चव चांगल्या असलेल्या बाटल्यांचा हाच उत्तम उपयोग आहे. मैदा 120 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, मीठ अर्धा चमचा हे कोरडंच मिसळून भांडं फ्रीजमध्ये ठेवा. कांद्याच्या एक सेंटिमीटर जाड चकत्या करून कडी सोडवा, आतला पारदर्शक पापुद्रा ओढून काढा (तो राहिला की तळताना पीठ कड्यावरून सुटतं) आणि कोरड्या मैद्यात घोळवून झटका. तेल 180 अंशांवर आल्यावरच फ्रीजमधली गार बिअर, 200 ते 220 मिली, पिठात ओता. काट्याने दहा-पंधरा सेकंद ढवळा, गुठळ्या राहू द्या. पीठ चमच्याच्या पाठीला पातळ चिकटून थेंबाथेंबाने गळायला हवं.

चकत्या मऊ पडण्याची कारणं यातच आहेत. पीठ जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि कवच चिवट होतं. कोमट किंवा आधीच भिजवून ठेवलेल्या पिठातला गॅस तेलात पडायच्या आतच निघून गेलेला असतो. कुरकुरीत जाळी त्या गॅसनेच पडते, आणि अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून कवच लवकर कोरडं करतं. फार कडू बिअर मात्र घेऊ नका. पाणी आटलं की कडूपणा कवचात राहतो. साकाही पिठात ओतू नका, शेवटची दोन बोटं बिअर बाटलीतच राहू द्या. आणि पीठ कढईपासून लांब भिजवा. फसफसणारी बिअर गरम तेलात सांडली तर तेल भांड्याबाहेर येतं.

एका घाण्यात चार-पाचच चकत्या सोडा, एकदा उलटवून मिळून अडीच ते तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. जास्त टाकल्या की तेल 150 पर्यंत उतरतं आणि पीठ ते शोषून घेतं. काढल्यावर कागदावर ढीग लावू नका, खालच्या वाफेने भिजतात. तारेच्या जाळीवर सुट्या पसरा आणि मीठ तिथेच, गरम असताना भुरभुरा. पुढचा घाणा टाकण्याआधी तेलावर तरंगणारे पिठाचे कण झाऱ्याने काढा आणि तेल पुन्हा 180 वर येऊ द्या.